ओरोझिंबोचा पाय आणि गावभर गेलेल्या पट्ट्या

आमच्या ब्रेझिन्यो गावात आल्यागेल्याला तीन गोष्टी नाकारायच्या नसतात: पाणी, विस्तव आणि तंबाखू. पाण्याला ओढा आहे, विस्तवाला घरोघर चूल आहे. तंबाखूला मात्र ओरोझिंबो होता.

ओरोझिंबो बैलगाड्यावरचा माणूस. अंगठ्याएवढा जाड, काळाकुट्ट, गुळासारखा चिकट तंबाखूचा दोर कायम त्याच्या खिशात. दुसऱ्या खिशात चाकू, आणि टोपीच्या पट्ट्यात मक्याच्या कणसाच्या वाळक्या पाती खोचलेल्या. कुणी भेटलं की गाडा उभा. चाकूनं दोराची चकती काढायची, तळहातावर चुरायची, पातीत भरून वळायची, आणि पहिली विडी समोरच्याला द्यायची. तेवढ्या वेळात निम्म्या गावाच्या खबरा इकडच्या तिकडं होत. बैलांनाही हे पाठ झालेलं. वाटेत माणूस दिसला की मिमोझो आणि पेनाशो आपणहून थांबत आणि रवंथ करत उभे राहत.

मग एका पावसाळ्यात त्याच्या उजव्या पायाची करंगळी काळी पडली. तालुक्याच्या डॉक्टरनं ती कापली. ओरोझिंबोनं हट्टानं ती मागून घेतली आणि परसात पेरूखाली पुरली. दुकानात लोकांना विषयच मिळाला.

"काय सेउ ओरोझिंबो, बोटासाठी मयताची सातव्या दिवसाची प्रार्थना ठेवली का न्हाई?"

"ठेवली. तुला बोलवायचं ऱ्हायलं. बोटाच्या जवळच्या पाव्हण्यांनाच बोलावलं हुतं."

पण डॉक्टर हसत नव्हता. पायाकडं रक्त नेणाऱ्या नळ्या धुरानं आखडल्यात, म्हणाला. आता पुढची पाळी घोट्याची. "पुढच्या खेपेला येताना एकच घेऊन या. तंबाखू, नाहीतर पाय."

आमच्याकडं बैल मागून हाकत नाहीत. माणूस पराणी घेऊन पुढं चालतो आणि बैल त्याच्या पावलांवर येतात. मिमोझो आणि पेनाशो ओरोझिंबोच्याच पावलांवर वाढले होते. पाय गेला की जोडी गेली. बायको ओदेचीला तो हे बोलला नाही, पण रोज गोठ्यात उभा राहून बैलांच्या मानेवरून हात फिरवायचा, ते तिनं पाहिलं होतं. तिनंच त्याला दवाखान्यातल्या गटात नेऊन बसवलं.

गट म्हणजे दवाखान्यामागच्या आंब्याखाली मांडलेल्या खुर्च्या, आणि विडी-सिगारेट सोडायला आलेली चार-पाच डोकी. सिस्टर लुसिमार म्हणाली, "एकदम कुणी काही सोडायचं नाही. आधी तयारी. दिवस ठरवा. त्याच्या आधी आठवडाभर ही गोळी चालू. तोवर ओढा, पण मोजकं. कॉफीबरोबर नाही, गाड्यावर नाही. ठरलेल्या दिवशी सकाळी दंडावर पट्टी, तिच्यातून तंबाखूचा अर्क थोडा थोडा अंगात जातो, आणि मग विडी एकही नाही."

दिवस ठरला सांजावचा, जाळांच्या सणाचा. आमच्याकडं जून म्हणजे थंडी, आदल्या रात्रीच दारोदार जाळ पेटलेले. धूर सोडायला आणखी कुठला मुहूर्त!

"आणि एकट्यानं ओढायचा गाडा नाही हा," लुसिमार म्हणाली. "जोड्या लावते."

ओरोझिंबोच्या जोडीला आली फिर्मिना. ही शाळेच्या स्वयंपाकघरातली. लाकडांच्या ढिगाआड लपून सिगारेट ओढायची, आणि ते शाळेतल्या झाडून साऱ्या पोरांना ठाऊक होतं. फार वर्षांपूर्वी ओरोझिंबोच्या बैलांनी तिचा कोबीचा वाफा साफ केला होता. तेव्हापासून सारं गाव त्याला मानानं 'सेउ ओरोझिंबो' म्हणे, ही फक्त 'ए गाडीवाल्या'. ओरोझिंबोनं मनात म्हटलं, थकल्या बैलाला मारक्या गाईबरोबर जुंपलं बाईनं.

"ए गाडीवाल्या, रोज सांजच्याला फाटकात येऊन विचारीन. खोटं बोललास तर वासावरनं कळंल मला."

"तू जवळ येऊन वास घेणार म्हनल्यावर बोलंल कोण खोटं?"

गोळीनं तोंड कोरडं पडू लागलं, झोप उडाली, पण धुराची चव उतरली खरी. दोर खिशातून ओदेचीच्या कपाटात गेला. खिसा मोकळा राहवेना, म्हणून ओरोझिंबोनं त्यात पट्ट्यांचा डबा ठेवला. सांजावला लावायच्या, पण हाताशी असलेल्या बऱ्या. आणि इथंच घोळ झाला.

गिरणीवाला अदाल्तो वाटेत भेटला. बैल थांबले.

"काढा की तंबाखू."

"न्हाई गड्या. सिस्टरचा हुकूम हाय."

"मग खिशात काय खुळखुळतंय?"

"पट्ट्या. दंडाला लावल्या की तलफ मारत्यात म्हनं."

"आस्सं? द्या की एक. बघू तरी."

हात खिशात गेला. तो हात जन्मभर देतच आलेला. 'नाही' त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. अदाल्तोला गेली, म्हणून त्याच्या भावाला गेली. कंबर धरलेल्या म्हातारीनं मागितली, दाढ ठणकणाऱ्या तेल्यानं मागितली. कुणी दोन मागितल्या तर दोन. ओरोझिंबोला वाटे, डबा भरलेला आहे, सांजाव लांब आहे.

अदाल्तोनं पट्टी लावली आणि तिच्यावर ओळीनं विड्याही ओढल्या. दुपारी त्याचं काळीज धडधडायला लागलं आणि पोटातलं सगळं गिरणीच्या दारात आलं. लोकांनी उचलून दवाखान्यात नेला. लुसिमारनं बाही वर केली, पट्टी बघितली, आणि ती कुठून आली हे विचारायची तिला गरज पडली नाही.

गट बसला तशी ती म्हणाली, "सेउ ओरोझिंबो, डबा दाखवा."

डब्यात एक पट्टी होती.

"हे औषध आहे हो, खिरापत नाही! त्या अदाल्तोचं काही बरंवाईट झालं असतं म्हणजे? आणि तुम्ही काय लावणार आता? तुमच्या वाटणीचं आलं ते तुम्हाला दिलं. पुढचं पुढच्या महिन्यात."

ओरोझिंबोनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मागितलं त्यांनी. न्हाई कसं म्हनायचं?" मग टोपी पुन्हा चढवत, "ऱ्हाऊ द्या सिस्टर. पुढल्या महिन्यात सोडतो."

'पुढल्या महिन्यात' हे तिथल्या प्रत्येकानं आधी कधी ना कधी म्हटलेलं होतं. ओरोझिंबोची नजर आपल्या पायाकडं गेली. बुटाच्या टोकाला, जिथं करंगळी नव्हती, तिथलं कातडं आत दबलं होतं.

फिर्मिना खुर्ची मागं सारत उठली. "पुढल्या महिन्यात डबा यील. पाय यील का?" आणि तरातरा निघून गेली.

रविवारी चर्चमधली प्रार्थना सुटली, लोक पायऱ्या उतरू लागले, तर फिर्मिना खालच्या पायरीवर कमरेला पदर खोचावा तसा ॲप्रन खोचून उभी.

"थांबा! ज्यांनी गाडीवाल्याच्या पट्ट्या नेल्या त्यांनी ऐका. माझं नि त्याचं पटत न्हाई, सगळ्यांना म्हाईत हाय. माझा कोबी त्याच्या बैलांच्या पोटात गेला. पर तुमच्या घरात त्याचा पाय गेलाय! व्हय, पाय! तुमच्या कपाटात, तुमच्या दंडावर, आन तुझ्या गालावर, तेल्या! त्यानं कधी कुणाला न्हाई म्हनलं का? मग आता एकदा तुम्ही द्या. त्याचंच त्याला द्या, एवढंच म्हनती मी."

पाद्रीबाबा दारात उभे होते. ते म्हणाले, "आजचं प्रवचन माझ्यापेक्षा हिचंच बरं झालं," आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी ओरोझिंबो गाडा घेऊन वाट चालू लागला, तर घरोघरची माणसं फाटकात उभी. एकजण आला आणि पट्टीचं न फोडलेलं पाकीट गाड्यावर ठेवून गेला. कंबरवाल्या म्हातारीनं पट्टीबरोबर अंडी दिली. तेल्यानं गाल चोळत दोन आणून दिल्या. "दाढेला काय लागू पडली न्हाई, सेउ ओरोझिंबो. तुम्हाला पडू द्या." अदाल्तोनं आपली वापरलेली पट्टी साबणानं धुऊन, दोरीवर वाळवून, वर इस्त्री करून आणली होती.

"ही चालंल का?"

"इस्त्री तेवढी बेस केलीस," ओरोझिंबो म्हणाला.

सगळ्या काही परत आल्या नाहीत. पण लुसिमारनं चांगल्या निवडल्या आणि पुढचा डबा येईस्तोवर पुरतील म्हणाली. त्यापेक्षा ओरोझिंबोला जड गेलं ते घेणं. माणूस काही ठेवून जाई, आणि ह्याचा हात सवयीनं खिशाकडं वळे, बदल्यात काहीतरी द्यायला. खिसा रिकामा. मग तो टोपी काढी, दुसरं काही सुचत नसे. घरी ओदेचीनं विचारलं, डोळ्यांत काय गेलं? म्हणाला, वाटेवर लई फुफाटा हाय. रात्री दंव पडून वाट ओली होती, तरी ओदेचीनं डोळे धुवायला पाणी पुढं केलं.

सांजावच्या आदल्या संध्याकाळी फिर्मिनाच्या दारात जाळ पेटला. तिनं सिगारेटचं पाकीट आत फेकलं. ओरोझिंबोनं दोर हातात धरला, एकदा नाकाशी नेला आणि सोडून दिला. पाती टोपीतून काढून टाकल्या. चाकू मात्र ठेवला, त्यानं काही वाकडं केलं नव्हतं. जाळ उतरला तसा फिर्मिनानं निखाऱ्यावरून हात पुढं केला. आमच्यात सांजावच्या जाळावर हात धरला की जन्माचं नातं लागतं, रक्ताच्या वरचं. मग भांडायचं असलं तरी मानानं भांडावं लागतं.

"धर. आजपास्नं मी तुझी कोमाद्रे, तू माझा कोंपाद्रे."

"आणि कोबी?"

"कोबी जाळात गेला, कोंपाद्रे. धर लवकर, हात भाजतोय माझा."

सकाळी दंडावर पट्टी चढली. त्यापुढचे दिवस कसे गेले ते ओदेचीला विचारावं. दोन कप फुटले, कुत्रं घर सोडून शेजारी झोपायला जायचं. फिर्मिना रोज सांजच्याला फाटकात येई आणि गोड काही बोलत नसे. एकदा मात्र ती आली नाही. ओरोझिंबो काठी घेऊन तिच्याकडं गेला, तर ती लाकडांच्या ढिगाआड काड्यापेटी धरून बसलेली. तो शेजारी बसला, मक्याची कणसं पुढं ओढली आणि सोलायला लागला. थोड्या वेळानं पेटी खाली ठेवून तिनंही एक कणीस घेतलं. टोपली भरल्यावर दोघं उठले.

ह्याला आता बरीच वर्षं झाली. पाय आहे. नऊ बोटांनी ओरोझिंबो अजून बैलांपुढं चालतो. थंडीत जरा लंगडतो एवढंच. गटात नवं माणूस आलं की लुसिमार त्याला ओरोझिंबोच्या वाटेवर उभं करते. माणूस दिसला की बैल थांबतात, ती सवय त्यांना कुणी सोडायला सांगितलेली नाही. ओरोझिंबो खिशातून गुळाची वडी काढतो, चाकूनं चकती उतरवतो आणि पहिली समोरच्याला देतो.

"कोंपाद्रे, गुळानं दात पडतील तुझे," फिर्मिना म्हणते.

"पडू दे, कोमाद्रे. बैलांपुढं चालाया दात लागत न्हाईत."