टपरीवरची बातमी आणि फोनमधला निरोप

येलदरी धरणाच्या खाली पूर्णा नदीच्या काठावर आमचं रान आहे. नदीकडेला माझी पाण्याची मोटार, शेजारी चुलतभावाची. धरणातून पाणी सुटणार असलं की आमच्याकडे एक रीत आहे. ज्याला आधी कळेल त्याने आपली मोटार वर ओढायची आणि शेजाऱ्याचीही. त्यासाठी कुणी कुणाला विचारत नाही.

या पावसाळ्यात मी घरच्यांना घेऊन सेलूला पाहुण्यांकडे मुक्कामी होतो. सकाळी परत येऊन पाहतो तर त्याची मोटार बाभळीखाली कोरडी आणि माझी गढूळ पाण्यात गडप. याने मुद्दाम केलं, हे मी तिथेच ठरवून टाकलं. दुपारी चहाच्या टपरीवर बोलूनही दाखवलं, "स्वतःची काढली अन् माझी बुडताना बघत बसला." बोलताना बरं वाटलं, हे लपवत नाही.

नंतर तो रस्त्यात भेटला की रामराम करायचा. मला वाटायचं, मनात खोट आहे म्हणूनच एवढा गोड.

माझा फोन मुका असायचा. कर्ज घ्या, पत्ते खेळा, चपलांवर सूट, 'खूप दिवसांत आला नाहीत, विसरलात का?' अशी दिवसभर टिंगटिंग. वैतागून मी आवाजच बंद केला होता. मुलगी माहेरी आली, तिने फोन हातात घेतला.

"बाबा, काय उकिरडा केलाय हा!"

ती एकेक पुसत गेली आणि मध्येच थांबली. "काकांचे मिस कॉल हायेत. मेसेज पण."

मेसेज मोटार बुडाली त्याच्या आदल्या संध्याकाळचा होता. 'दादा, पाणी सोडायलेत. तुमची मोटार काढायला आलो तर साखळीला कुलूप. चावी मागायला गेलो तर घरालाबी कुलूप. फोन उचला.'

चावी सेलूत माझ्या खिशात होती. कुलूपही मीच लावलं होतं. मोटारी चोरीला जातात म्हणून, असं घरी सांगितलं होतं. खरं तर माझा संशय त्याच्यावरच होता.

गेलो त्याच्याकडे. तो म्हशीला पेंड घालत होता.

"तुझा मेसेज आज वाचला. टपरीवर नको ते बोललो मी."

त्याने वर पाहिलं नाही. "ते मला त्याच दिवशी कळलं, दादा. टपरीवरची बातमी पोचायला फोन लागत न्हाई." मग घमेलं बाजूला ठेवून म्हणाला, "आता कुलूप तेवढं लावू नका."

मोटार दुरुस्त होऊन आली. कुलूप लावलं नाही. पण दुसऱ्या दिवशी उजाडताच मी नदीवर गेलोच. मोटार जागेवर होती.

बाभळीकडून त्याचा आवाज आला, "जागेवर हाय का, दादा?"

"हाय," म्हणालो, आणि पाय धुवायला आल्यासारखा पाण्यात उतरलो.