पलटण नेमकी कोणाला हवी होती

अठराव्या वर्षी मी ब्रिटिश पायदळात भरती होण्याच्या अगदी दारापर्यंत जाऊन पोहोचलो होतो. मला खरोखर सैनिक व्हायचे होते, की शेजारच्या मुलाला सैनिक होताना पाहवत नव्हते, हा प्रश्न मी येथे सोडवायला घेतला आहे. त्याआधी दोन शब्द वेगळे करून ठेवणे बरे, कारण बोलताना आपण त्यांची सरमिसळ करतो. दुसऱ्याजवळ आहे तसे आपल्यालाही मिळावे असे वाटणे, हा हेवा. दुसऱ्याजवळ आहे ते त्याच्याजवळ राहू नये असे वाटणे, हा मत्सर. त्या उन्हाळ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभा राहून मी जे अनुभवत होतो, ते या दोहोंपैकी कोणते, हे मला तेव्हा सांगता आले नसते.

सत्तरचे दशक नुकतेच सुरू झाले होते. आम्ही लीड्समध्ये, विटांच्या घरांच्या एका लांब रांगेतल्या घरात राहत होतो. आई मिरजेची, नर्सिंग शिकलेली; इथल्या हॉस्पिटलात नोकरी मिळून ती आधी आली, आणि वर्षभराने माझे वडील मला घेऊन आले. वडिलांना मी आबा म्हणत असे. आबा साताऱ्याकडचे. महायुद्धात ते हिंदी फौजेच्या पायदळातून इटलीत लढले होते आणि हवालदार होऊन परतले होते. लीड्समध्ये ते कौन्सिलच्या बसवर कंडक्टर होते. घरात ते फार बोलत नसत. युद्धाबद्दल मी विचारले, की त्यांचे उत्तर ठरलेले असे.

"आम्ही व्हतो तिकडं. थंडी लई. जा, अभ्यास कर."

शेजारचा मुलगा माझ्याच वर्गात होता. शाळा संपताच यॉर्कशरच्या एका पलटणीत जायचे, असे त्याने ठरवले होते. त्याच्या वडिलांना ते मुळीच मान्य नव्हते. ते छापखान्यात कामाला होते आणि त्यांच्या मते उत्तर आयर्लंडमधल्या दंगलींत, बेलफास्टमध्ये दगड खायला स्वतःच्या पायांनी जाणे हा शुद्ध वेडेपणा होता. त्या घरात या विषयावर कोणी त्याच्याशी बोलत नसे. म्हणून संध्याकाळी तो कंबरेएवढी भिंत ओलांडून आमच्या मागच्या अंगणात येई आणि दाराच्या पायरीवर आबांच्या शेजारी बसे.

आबा त्याला बूट चमकवायला शिकवत. ही एक स्वतंत्र विद्या आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. सैनिकी बुटाच्या कातड्यावर पुटकुळ्यांसारखे बारीक उंचवटे असतात. चमच्याचा दांडा गॅसवर तापवून तो त्यांवर दाबत न्यायचा, म्हणजे कातडे सपाट होते. मग बोटाला घट्ट फडके गुंडाळून, पॉलिशमध्ये पाण्याचा एखादाच थेंब घेऊन, लहान लहान वर्तुळे काढत राहायचे. घाई केली, की सगळे पहिल्यापासून.

त्याने जुन्या लष्करी सामानाच्या दुकानातून सरावासाठी एक जोड आणला होता. तो आबांना 'सार्जंट' म्हणे. हवालदार म्हणजे इंग्रजी फौजेतला सार्जंट, हे त्याला आबांनीच सांगितले होते.

"एवढं घासून दाखवायचं कोणाला, सार्जंट?" त्याने एकदा विचारले.

"पहिल्या दिवशी तुझं तोंड कोणी बघणार नाही, माय सन," आबा त्यांच्या इंग्रजीत म्हणाले. "बूट बघतील. तुझ्या तोंडाकडे पाहता ते तुझ्याच फायद्याचं आहे."

तो हसला. आबाही हसले. इतक्या मोकळेपणाने ते आमच्या जेवणाच्या टेबलाशी कधी हसले होते, ते मला आठवेना.

"आणि पाय भिजले तर?"

"मोज्यांचे दोन जोड ठेवायचे. एक पायात, एक शर्टाच्या आत छातीशी. अंगाच्या उबेने वाळतात. रात्री बदलायचे. इटलीत वुई डिड दॅट ऑल विंटर."

मोज्यांची ही गोष्ट मी त्या खिडकीशी प्रथम ऐकली. मला जास्त लागला तो त्यांचा 'वुई'. मराठीत बोलते तर आबांना एक निवड करावी लागली असती. ऐकणारा बाहेर असेल तर 'आम्ही', ऐकणाऱ्याला आत घ्यायचे असेल तर 'आपण'. इंग्रजीला ही अडचण नाही. तिचा एकच शब्द दोन्हींकडे चालतो. त्यामुळे आबांच्या प्रत्येक 'वुई'चे मराठी मला मनातल्या मनात करावे लागे. वाक्य इटलीबद्दल असल्यामुळे व्याकरणाने ते 'आम्ही'च व्हायला हवे होते, हे मला कळत होते. तरी माझ्या कानात ते दर वेळी 'आपण' असेच होई, आणि त्या 'आपण'मध्ये ते दोघे असत. मला मात्र ते नेहमी 'आम्ही व्हतो तिकडं' असेच सांगत आले होते.

"बघून बघून काच झिजेल," आई मागून म्हणाली. ती ड्यूटीवर निघाली होती. "जाऊन बस की त्यांच्यात."

"मला कोण बोलावतंय?"

"बापाकडे जायला आमंत्रण लागतं होय रे?"

"त्यांचं चाललंय ना छान."

"मग चालू दे. तू असा का उभा आहेस, कोणी दारात ठेवून गेलेल्या पावासारखा?"

मी गेलो नाही. एकदा गेलो होतो तेव्हा दोघेही बोलायचे थांबले होते आणि आबांनी विचारले होते, "काय पायजे?" विचारण्यात राग नव्हता. पण शेजारच्या मुलाला तो प्रश्न त्यांनी कधीच विचारला नव्हता.

एडिनबराच्या विद्यापीठात गणितासाठी मला जागा मिळाली होती. निकाल ठीक लागला, की जायचे होते. तरीही जुलैमध्ये एका सकाळी मी शहरातल्या भरती कार्यालयात गेलो. तिथल्या सार्जंटने माझे विषय विचारले आणि भुवया वर केल्या.

"गणित? मग सिग्नल्समध्ये जा. इंजिनिअर्समध्ये जा. पायदळ कशाला?"

"पायदळच."

"संध्याकाळच्या बातम्या बघतोस ना? पायदळ सध्या कुठे उभं असतं, माहीत आहे?"

"माहीत आहे."

"घरात कोणी होतं?"

"वडील. इटलीत होते."

तेवढ्याने त्याचे समाधान झाले. शिस्त आवडते, जग पाहायचे आहे, घरची परंपरा आहे, अशी आणखी तीन कारणे मी तयार ठेवली होती. त्यांतले एकही खोटे नव्हते. फक्त त्यांपैकी कोणत्याही कारणासाठी मी सकाळची बस पकडली नव्हती.

लेखी चाचणी झाली, डॉक्टरांनी तपासले, मी पास झालो. शपथ पुढच्या सोमवारी घ्यायची होती. ती घेतली, की माघार सोपी नव्हती. घरी मी काहीच सांगितले नाही. सोमवारी शपथ घेऊन यायचे, पायरीवर बसायचे आणि आबांना ते सांगायचे, असा बेत होता. माझ्या त्या चित्रात शेजारचा मुलगा भिंतीपलीकडेच उभा असे.

त्याच आठवड्यात तो वैद्यकीय तपासणीत नापास झाला. लहानपणी कान फुटला होता, त्याचे छिद्र पडद्यात राहून गेले होते. हे त्याला स्वतःलाही ठाऊक नव्हते. त्याने मला भिंतीशी उभे राहून सांगितले.

"कानामुळे. तोफेच्या आवाजाने उरलासुरला जाईल म्हणे."

"पुन्हा अर्ज करता येईल?"

"नाही येत. विचारलं मी." मग तो माझ्याकडे पाहून म्हणाला, "तुझं बरं आहे. तुला फक्त पुस्तकंच उचलायची आहेत."

मी सोमवारबद्दल बोललो नाही. पण वर दिलेल्या व्याख्येप्रमाणे माझ्याबाबतीत काय व्हायला हवे होते, ते वाचकांनी पाहावे. हेवा असेल, तर मला हवे ते मिळाले होते. मत्सर असेल, तर त्याच्याजवळ नसावे ते आता त्याच्याजवळ नव्हते. दोन्ही मार्गांनी हिशेब मिटला होता. संध्याकाळपर्यंत मला तसे वाटलेही.

आबा पाळीवरून आले. शेजारच्या मुलाने पायरीवरच त्यांना सांगितले. ते गणवेशाचा कोट न काढता, तिकिटांच्या यंत्राचा पट्टा खांद्यावर तसाच ठेवून त्याच्याजवळ बसले. त्यांनी त्याच्या मानेवर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. मी खिडकीत होतो. त्या उन्हाळ्यातला सर्वांत कडवट मत्सर मला त्या क्षणी वाटला, आणि तो अशा मुलाचा, ज्याच्याजवळ आता सैन्यातले काहीही उरले नव्हते.

गणितात एखादा घटक काढून टाकूनही बेरीज तीच राहिली, तर तो घटक शून्य असतो. हे मला येत होते. तरी तेव्हा मी ते मांडले नाही. तो घरी गेल्यावर मी दार उघडून बाहेर गेलो.

"आबा, मीही पास झालो."

"कशात?"

"पायदळात. सोमवारी शपथ आहे."

त्यांनी पट्टा खांद्यावरून उतरवला आणि मांडीवर ठेवला.

"आईला म्हाईत हाय?"

"नाही."

"मंजी तिच्या आधी मला सांगतुयास." ते उठले. "जा, बूट आण."

"कोणाचे?"

"तुजंच की. भरती कोण व्हतंय?"

माझ्याजवळ शाळेचे काळे बूट होते, ते मी आणले. आबांनी गॅसवर चमचा तापवला आणि आम्ही पायरीवर बसलो. गेले कित्येक आठवडे मी मागत होतो ते सगळे मला मिळाले होते: पायरी, फडके, पॉलिशची डबी आणि शेजारी आबा. पण शाळेच्या बुटाचे कातडे आधीच गुळगुळीत असते. त्यावर सपाट करायला काही नव्हते. तरी आबा चमचा दाबत राहिले. मोज्यांबद्दल ते बोलले नाहीत. बुटांकडे कोण पाहील, हेही सांगितले नाही. शेजारच्या मुलाला हसवणारा तो माणूस माझ्या शेजारी तोंड मिटून बसला होता, आणि त्याच्या हातातल्या चमच्याचा दांडा एकाच जागी इतका वेळ थांबला, की कातडे करपले.

"काय जळतंय?" आईने आतून विचारले.

"काय न्हाई," आबा म्हणाले.

"मला वास येतोय ना. हवालदार, पोराचे शाळेचे बूट भाजताय का?"

आबांनी चमचा खाली ठेवला. करपलेल्या जागेवरून अंगठा फिरवत ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "दुसऱ्याच्या पोराला शिकवताना जीभ चालती." मग म्हणाले, "आपण न्हाई जायाचं परत."

हे वाक्य मी पुढे अनेक वर्षे उलगडत आलो आहे. मराठीत 'आपण'चे निदान तीन अर्थ येथे बसतात. बोलणारा स्वतःबद्दलच तसे म्हणू शकतो. मग अर्थ इतकाच, की आबांना पुन्हा तिकडे जायचे नव्हते. ऐकणाऱ्याला धरून म्हटले, तर अर्थ असा, की आपण दोघांनीही जायचे नाही. किंवा कोणीच जाऊ नये, असा तो सर्वसाधारण उपदेश असेल. 'परत' हा शब्द पहिल्या अर्थाकडे झुकतो, कारण मी तर एकदाही गेलो नव्हतो. कोणता अर्थ, ते मी विचारले नाही. मी स्वतःला त्या शब्दाच्या आत धरले. तिथे मी प्रथमच होतो, आणि आत आल्यावर पलटणीत जाण्याचे कारण मला शोधूनही सापडेना.

सोमवारी भरती कार्यालयात जाऊन मी भरती होणार नसल्याचे सांगितले.

"घरच्यांनी अडवलं?" सार्जंटने विचारले.

"नाही. अडवलं असं म्हणता येणार नाही."

"बेलफास्टची भीती?"

"तीही होती. पण तिच्यामुळे नाही."

त्याने माझा कागद बाजूला ठेवला. माझ्यामागे दुसरा मुलगा उभा होता.

शरद ऋतूत मी एडिनबराला गेलो. शेजारच्या मुलाला आबांनी खटपट करून बसवर कंडक्टर म्हणून लावून घेतले, आणि त्याची पाळी बहुतेक वेळा त्यांच्याच डेपोतून असे. नाताळच्या सुट्टीत घरी आलो तेव्हा दोघे एकाच रंगाचे कोट घालून, आदल्या दिवशीच्या कोणत्या तरी प्रवाशावरून हसत गल्लीतून येताना मला दिसले. तोच मत्सर मला पुन्हा वाटला. सैन्य त्या चित्रात कुठेच नव्हते.

म्हणून माझे उत्तर असे आहे. मला पलटण नको होती. शेजारच्या मुलाला ती मिळावी की मिळू नये, यातही मला खरा रस नव्हता. मला माझ्या वडिलांची मोकळी जीभ हवी होती. ती त्याच्याजवळ होती, आणि ती त्याच्याजवळ का होती, हे आबांनी त्या पायरीवर एकाच वाक्यात सांगूनही मला समजायला स्वतःचा मुलगा मोठा व्हावा लागला. मुलाला मी बरेच काही शिकवले. त्याच्या मित्रांना जितक्या सहज शिकवले, तितक्या सहज नाही; स्वतःच्या पोराच्या बाबतीत भीती जीभ धरते.

हा निष्कर्ष एका घरातल्या एका माणसाचा आहे, आणि तेवढ्यावर नियम सिद्ध होत नाही. तुम्हाला कोणाचा मत्सर वाटत असेल, तर त्याच्याजवळची ती वस्तू किंवा पद मनातल्या मनात वजा करून पाहा, आणि मत्सर उरतो का, उरला तर कोणाकडे वळतो, ते नीट बघा. केवळ मी म्हणतो म्हणून हे खरे मानू नका. कृपया स्वतः पडताळून पाहा.