दगाभाऊच्या न्यायाची चिठ्ठी

आमच्या प्रार्थनेच्या मंडळीत माणसं मोजून अठरा, पण किस्से विचाराल तर पोतं भरेल! दर रविवारी मी धुळ्याच्या देवपुरातून स्कूटर काढतो, शिंदखेड्याजवळच्या गावी सुमनअक्काच्या पत्र्याच्या घरात प्रार्थनेला बसतो आणि परतताना एकटाच हसत असतो. लोक बघतात. बघू देत!

*

अक्काच्या समोरच दगाभाऊ राहतो. ही प्रार्थना बंद पाडायचीच, असा त्याने चंग बांधला होता. आम्ही गाणं सुरू केलं की पत्र्यावर दगड पडलाच! पहिल्या दिवशी मी तर सरळ खाटेखाली शिरलो. आमचे पौलसनाना, मंडळीतले सगळ्यात वडीलधारे, झांज वाजवायचे थांबले नाहीत. गाणं संपल्यावर खाली वाकून मला म्हणाले, "बाहेर ये. ताल तुनापेक्षा त्या दगडवालाना बरा शे!"

*

मग दगाभाऊने पोलिसांत तक्रार केली, की इथे माणसांचा धर्म बदलतात. चौकशीला जमादार आले. अक्काने आधी चहा दिला, मग हात जोडले. "साहेब, तीस वरीस व्हई गयात, मना दादलानी बिडी सुटनी नही. मी लोकेस्ले काय बदलसू!"

जमादार इतके हसले की चहा बशीत सांडला. अक्काचा नवरा कोपऱ्यात बिडी ओढतच होता.

*

पण अक्का आतून पेटली होती. एकदा दगड खिडकीतून आला आणि तिच्या कपाळाला तीन टाके पडले. राग येणारच! मलाही आला. पुढच्या रविवारी तिने सगळ्यांसमोर मागणं केलं, "देवा, त्याना घरवर आग पाड!"

नानांनी एक डोळा उघडला. "अक्का, आधी वारा कोनत्या बाजूना शे ते देख. त्यानं घर समोरच शे!"

हसणं ओसरल्यावर मात्र ते गंभीर झाले. "न्याय देवना शे. आपून फक्त अर्ज करना. निकाल आपून लिखाना नही."

*

आमच्याकडे एक रीत आहे. प्रत्येकाने आपलं मागणं चिठ्ठीवर लिहून बिस्किटाच्या डब्यात टाकायचं. डबा हलवून एकेक चिठ्ठी उचलायची. चिठ्ठीत ज्याचं नाव, त्याच्यासाठी आठवडाभर प्रार्थना करायची आणि बुधवारी त्याच्या घरी जेवण पोचवायचं. अक्काने लिहिलं, 'दगाभाऊचा न्याय कर.' आणि ती चिठ्ठी नेमकी तिलाच आली!

"चिठ्ठी बदला!" अक्का ओरडली. नानांनी शांतपणे डब्याला झाकण लावलं.

बुधवारी अक्का शेवभाजीचं पातेलं घेऊन समोर गेली. "दगाभाऊ, तुना न्यायनी चिठ्ठी मालेच निंघनी. ले, खाय!"

तिखट तिने मुद्दाम दुप्पट घातलं होतं, हे तिने आम्हाला नंतर कबूल केलं. संध्याकाळी पातेलं घासून परत आलं. सोबत निरोप, "तिखट कमी व्हतं!"

झालं! पुढच्या बुधवारी अक्का हट्टाने पुन्हा गेली. त्याच्या पुढच्याही बुधवारी गेली. रविवारी दगड, बुधवारी शेवभाजी, असं तीन महिने चाललं!

*

मग नाताळ आला. दगाभाऊने गावभर सांगितलं होतं की त्या दिवशी बाहेरून माणसं आणून अक्काच्या दाराला कुलूपच ठोकतो. दोन घरची माणसं भीतीने आलीच नाहीत. आम्ही दार लावून गाणं सुरू केलं आणि गल्लीत मोटारसायकली थांबल्या.

मी दाराच्या फटीतून पाहिलं. अक्काच्या ओट्यावर, आमच्या दाराला पाठ लावून दगाभाऊ बसलेला! हातात काठी, शेजारी घासलेलं पातेलं.

"सरक दगाभाऊ," आलेल्यांतला एक म्हणाला. "तूच तर बोलावलंस आम्हाला!"

"मंग परत जा," दगाभाऊ म्हणाला. "आत मना न्याय चालू शे. निकाल लागाशिवाय कोन्ही आत जावानं नही!"