टाचेखालचे एकतीस मिलिमीटर

आमच्या मुलीच्या टाचा जमिनीला टेकत नसत. धरून उभं केलं की पोर चवड्यांवर, आणि गुडघे कात्रीसारखे एकमेकांत अडकलेले. टाचेखाली एवढी जागा, की मुंगसानं तिथं पिल्लं घातली असती तरी आम्हाला पत्ता लागला नसता. मी सातपूरच्या एका कारखान्यात फिटर. मी बसवलेल्या शाफ्टवर नाणं उभं केलं तर जेवणाच्या सुट्टीपर्यंत पडत नाही, असं अख्खं खातं सांगायचं. म्हणजे सांगायचो मी, खातं ऐकायचं. आणि अशा माणसाला स्वतःच्या पाच वर्षांच्या पोरीची टाच जमिनीला लावता येईना.

जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला, असं डॉक्टरांनी एका वाक्यात सांगितलं होतं. शाळेच्या मुख्याध्यापिकांनीही एकच वाक्य सांगितलं, "फाटकापासून बाकापर्यंत स्वतःच्या पायांनी आली, तर जूनमध्ये पहिलीत घेते." तेव्हा डिसेंबर चालू होता.

शहरातल्या एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत मुंबईहून शिकून आलेल्या एक बाई मंगळवारी आणि शुक्रवारी बसायच्या. फिजिओथेरपिस्ट हा शब्द आमच्या चाळीत कुणाच्या तोंडात मावत नसे, म्हणून सगळे त्यांना व्यायामाच्या बाई म्हणत. वयानं माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या, पण नजर फोरमनची. त्यांनी सांगितलं, रोज पाच वेळा. गुडघा सरळ धरायचा, टाच तळहातात घ्यायची, पाऊल हळूहळू वर दाबायचं आणि तीस आकडे मोजेपर्यंत तसंच धरून ठेवायचं.

"जरा जोर लावला तर लवकर होईल ना?" मी विचारलं.

"झटका दिलात तर पाय जास्त आखडेल," बाई म्हणाल्या. "नट नाही तो."

माझा जन्म गंजलेले नट हातोडीनं सोडवण्यात गेलेला. तीस आकडे गप्प बसणं मला पंचाग्निसाधनेसारखं वाटे. बायको चार वेळा करायची, पाचवी पाळी माझी. पोरगी पाठीवर पडून स्वतःच आकडे मोजायची, "एक, दोन, तीन, अकरा, वीस, तीस. झालं पप्पा." लबाडीत माझ्यावर गेली होती. आम्ही पुन्हा एकपासून सुरू करायचो. ती रडायची, बायको दात आवळून धरून ठेवायची, आणि शेजारच्या वहिनी दारातून विचारायच्या, "भाऊजी, रोजच का हो मारता लेकराला?"

महिना गेला. फरक पडतोय की नाही, कुणी सांगेना. बाई म्हणायच्या, धीर धरा. मी मापाचा माणूस, धीराला कुठलं माप? म्हणून एका शनिवारी माझं व्हर्नियर घेतलं, पोरीला भिंतीला टेकवून उभं केलं आणि टाच ते फरशी अंतर घेतलं. एकतीस मिलिमीटर. चुन्यानं भिंतीवर लिहून टाकलं. पुढच्या शनिवारी तीस. मग अठ्ठावीस. मार्च संपताना बावीस आलं, तेव्हा मी खात्यात असा मिरवलो की लोकांना वाटलं माझंच प्रमोशन झालं.

एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी माप आलं एकोणतीस.

मी व्हर्नियर पुसलं, पुन्हा घेतलं. एकोणतीस. बायकोवर ओरडलो, तू कंटाळा केलास. तिनं फक्त तळहात दाखवले. टाचा धरून धरून कातडं सोललं होतं. भिंतीवरची मापं कागदावर उतरवली आणि मंगळवारी तो कागद मी बाईंपुढे आपटला.

बाईंनी तो नीट वाचला. "उंची मोजलीत का हिची?"

उंची कशाला मोजू? त्यांनी मोजली. डिसेंबरातल्या त्यांच्या नोंदीपेक्षा पोर दीड इंच वाढली होती.

"हाडं भराभर वाढतात, आखडलेले स्नायू मागे राहतात," बाई म्हणाल्या. "मग टाच परत वर जाते. वाढ थांबेपर्यंत हे असंच चालायचं."

आता सांगा, कुठल्या बापानं हे ऐकावं? जगातली पोरं वाढली की आईबाप पेढे वाटतात. मी दाराच्या चौकटीवर पोरीच्या डोक्याची खूण करायचो आणि ती वर सरकली की जेवण जायचं नाही मला. सासूबाईंनी पिंपळगाव बसवंतहून डबाभर बेदाणे पाठवले, तर मी तो डबा फळीवर सर्वांत उंच ठेवला.

"अहो, उपाशी ठेवू का तिला?" बायकोनं विचारलं.

मी डबा खाली काढून दिला. पण चिडूनच दिला, खोटं कशाला बोलू.

मे महिन्यात बाई म्हणाल्या, चाकांचा चौकटी आधार, म्हणजे वॉकर, करा, त्याला धरून चालू दे. हे माझ्या हातातलं काम. पाइप वाकवला, चाकांत खरे बॉल बेअरिंग बसवले, ग्रीस भरलं. बोटानं ढकलला असता तर त्र्यंबकच्या रस्त्याला लागून घाट चढला असता. पोरीनं अंगणात तो धरला, एक पाऊल टाकलं, आणि माझी कारागिरी तिच्या हातून सुटून पळाली. पोर हनुवटीवर पडली. दोन टाके.

बाईंनी चाक फिरवून पाहिलं. ते फिरतच राहिलं.

"गाडी तुमची पळते," त्या म्हणाल्या. "मुलगी कुठे पळते अजून? हिला अडखळणारी, जड गाडी हवी."

मी बेअरिंग काढले. त्यांच्या जागी लाकडी कड्यांचे बुश ठोकले, वर वाळूच्या पिशव्या बांधल्या. चाकं कण्हत फिरायला लागली. आयुष्यात मुद्दाम खराब केलेलं ते माझं एकमेव काम, आणि पोर चालली ती त्याच्यावर.

जूनच्या पहिल्या आठवड्यात शाळेच्या फाटकाशी उभे राहिलो. पोरीनं गाडी धरून चालायला सुरुवात केली तेव्हा प्रार्थना चालू होती. ती बाकाशी पोहोचली तोवर मला वाटतं दोन मुख्यमंत्री बदलले. मध्ये दोनदा गुडघे अडकले. मी पुढे झालो की बायको माझा शर्ट मागून ओढायची. पोर बाकावर बसली, घामानं निथळत.

मुख्याध्यापिका शब्दाला जागल्या. नाव लिहिलं. मग पेन ठेवून म्हणाल्या, "लघवीला जायचं झालं तर? संडास मैदानापलीकडे आहे. उकिडवं बसता येतं का?"

येत नव्हतं. बसली तर उठता येत नव्हतं. सहा महिन्यांत याचा विचार ना मी केला होता, ना बायकोनं.

"मी थांबेन व्हरांड्यात," बायको म्हणाली. "रोज."

म्हणजे एवढा आटापिटा पोरीनं एकटीनं शाळेत जावं म्हणून, आणि पहिलीत भरती झाली मायलेकींची.

मंगळवारी बाईंना म्हटलं, उकिडवं बसून उठायला शिकवा.

"टाचा टेकल्याशिवाय ते जमत नाही," त्या म्हणाल्या. "सगळ्यात अवघड तेच. वर्ष तरी लागेल. मध्ये वाढली तर जास्त."

मी बाहेर गेलो आणि सायकलींच्या स्टँडपाशी उभा राहून देवाला, हाडांना आणि शाळा बांधणाऱ्या गवंड्याला एका दमात शिव्या घातल्या. मग आत आलो, कारण पोरीला उकिडवं बसवताना मागून धरायला दुसरं माणूस लागत होतं.