कूलरसमोरचा इंजिनिअर

आधी चहा घ्या, आणि हसायचं ते आत्ताच हसून घ्या. मी सांगत असताना मध्येच कुणी हसलं की मला राग येतो, आणि मग मी गोष्ट हळूच माझ्या बाजूनं वळवतो. ही वळवायला जागाच नाही म्हणा. अख्खी सासुरवाडी साक्षीला होती.

तर, मी पुण्याला एका कॉम्प्युटर कंपनीत आहे. हे वाक्य अगदी खरं आहे. फक्त तिथं माझ्याकडे लोकांची ने-आण करणाऱ्या गाड्या आणि कँटीन एवढंच आहे, हे पुढचं वाक्य लग्न जमताना आमच्याकडून राहून गेलं. मी मूळचा दुसरबीडचा, सासुरवाडी अमडापूर. तिथं कॉम्प्युटर कंपनीत असलेला माणूस म्हणजे इंजिनिअरच. सासरे चारचौघांत सांगायचे, "आमचे जवाई म्हंजे कॉम्प्युटरचे डाक्टर." मी कधी खोडलं नाही. मोठ्यांचा शब्द कसा मोडायचा?

त्या वर्षी अधिक महिना ऐन उन्हाळ्यात आला. धोंड्याच्या महिन्यात जावयाचा भाव काय असतो, हे तुम्हाला माहीतच आहे. एरवी ज्याला स्वतःच्या घरी उठून पाणी घ्यावं लागतं, तो सासरी एकदम देव होतो. त्याला धोंडे खाऊ घालायचे, वाण द्यायचं आणि मुख्य म्हणजे त्याला कशातही चूक म्हणायचं नाही. हा शेवटचा नियम कुठं लिहिलेला नाही, पण माझ्या सासूबाई तो उपासापेक्षा कडक पाळतात.

आम्ही नवरा-बायको धोंड्याचं जेवायला गेलो आणि नेमकी त्याच दुपारी माझ्या मेहुणीची, सीमाची, मुलाखत निघाली. ऑनलाइन, आणि पिकांचे तक्ते दाखवायचे म्हणून लॅपटॉपवर. सीमा शेतकीची पदवीधर, आणि मुलाखत एका बियाण्याच्या कंपनीची. नोकरी लागली तर ती अकोल्याला जाणार. नाही लागली तर मलकापूरच्या स्थळाला होकार द्यायचा, असं बापलेकीत ठरलं होतं. स्थळ चांगलं होतं. फक्त सीमाला नको होतं.

आता तिच्या लॅपटॉपची कथा ऐका. आदल्या उन्हाळ्यात फळीवरून कैऱ्यांची पाटी त्याच्यावर पडली आणि अर्धा पडदा काळा झाला. तेव्हापासून सीमानं एक जुना मॉनिटर वायरीनं जोडून घेतला होता. रोज स्वतः जोडायची, स्वतः चालवायची. त्या दिवशीही तिनं समोरच्या खोलीत सगळं मांडून ठेवलं, तपासलं आणि मग आम्हाला जेवायला वाढायला आली.

जेवून बाहेर येतो तर मॉनिटर काळा. लॅपटॉप चालू, वायर जागेवर, आणि मॉनिटर ठार बंद.

सीमा टेबलामागं वाकून बघायला लागली. मी म्हणालो, "थांब, हात लावू नको. ही कामं अंदाजानं करायची नसतात."

"पन दाजी, मले वाटते की ती..."

"सीमे," सासूबाई म्हणाल्या, "जवाईबापू पाहून राह्यले नं? तू व्हय बाजूले."

झालं. वर्षभर ते यंत्र चालवणारी शिकलेली मुलगी बाजूला उभी राहिली, आणि खुर्चीत कोण बसला? तर ज्याची एकमेव पात्रता ही की त्यानं तिच्या थोरल्या बहिणीशी लग्न केलं होतं. पाठीमागून कूलरचा गारेगार झोत. मी जेवत असतानाच सासूबाईंनी तो माझ्यासाठी तिथं आणून लावला होता.

मग मी डाक्टरकी सुरू केली. लॅपटॉप बंद करून चालू केला. वायरीचं हे टोक तिकडं आणि तिकडचं इकडं लावलं. भोकांत फुंकर मारली. सेटिंगमध्ये जाऊन दुसरा पडदा शोधण्याचं बटण दाबलं. लॅपटॉप म्हणाला, सापडला नाही. मी पुन्हा दाबलं. लॅपटॉप पुन्हा तेच म्हणाला. यंत्रं अशी हट्टी असतात, माणसासारखं मन राखायला म्हणून खोटं बोलत नाहीत.

एवढ्यात शेजारचे ज्ञानदेवकाका "पुण्याचा डाक्टर कसा करते ते पाहू" म्हणून आले आणि बाजेवर बसले. प्रेक्षक मिळाल्यावर माझ्या अंगात जास्तच आलं. मी कपाळाला आठी घालून म्हणालो, "ड्रायव्हर खराब झालेला दिसतो."

हा शब्द मी ऑफिसात ऐकलेला होता. खरं तर ड्रायव्हर हा माझा रोजचाच विषय, पण आमचे ड्रायव्हर खराब होत नाहीत, गाडीसकट गायब होतात.

"मंग?" सासऱ्यांनी काळजीनं विचारलं.

"काढून टाकावा लागेल."

आणि खरोखर काढून टाकला. त्यानंतर चालू असलेल्या अर्ध्या पडद्यावरची अक्षरं हरभऱ्याएवढी होती ती भोपळ्याएवढी झाली.

सीमानं घड्याळाकडं पाहिलं. "दाजी, एक सांगू का? जरा त्या कूलरची..."

"सीमे." सासूबाईंनी असे डोळे वटारले की मीसुद्धा दचकलो. "पाहुन्याच्या कूलरचं नाव नाई घ्याचं. केवढी गर्मी हाय."

मला काय वाटलं असेल? मला वाटलं, पोरीला उकडतंय. मी उदारपणे म्हणालो, "तू पण ये ना इथं, वाऱ्याला बस." सीमानं माझ्याकडं एकदा नीट पाहिलं. गोठ्यातल्या आडमुठ्या गोऱ्ह्याकडं आपण बघतो, तसं. मग ती मोबाइल घेऊन निघून गेली. मला वाटलं, रडायला गेली. वाईटही वाटलं, खोटं कशाला सांगू? पण त्याहून जास्त बरं वाटलं, कारण आता मध्येमध्ये बोलणारं कुणी नव्हतं.

पुढं मी काय काय केलं ते विचारू नका. मॉनिटरच्या पाठीवर चापट्यासुद्धा मारल्या. शेवटी लॅपटॉपची बॅटरी संपली आणि राहिलेला अर्धा पडदाही काळा झाला. मी खुर्चीत मागं रेललो आणि पेशंट गेल्यावर डॉक्टर बोलतात तशा आवाजात म्हणालो, "मामा, मॉनिटर जळालाय. नवीन घ्यावा लागेल."

सासरे खाली बसले. म्हणाले, "मंग मलकापूरवाल्याइले हो म्हनून टाकू. पोरीच्या नशिबातच नाई."

ते ऐकून मी वायर उगाच पुन्हा एकदा काढून लावली. तेवढ्यात माझी बायको, सुनीता, पन्हं घेऊन आली. तिनं काळा मॉनिटर पाहिला, मला पाहिलं, कूलर पाहिला. ग्लास ठेवला. कूलरमागं हात घातला, भिंतीवरच्या बोर्डातली कूलरची पिन उपटली आणि खाली लोंबकळणारी मॉनिटरची पिन तिथं खुपसली.

मॉनिटरचा दिवा लख्ख लागला.

त्या खोलीत सॉकेट एकच. माझ्या पाठीला वारा लागावा म्हणून सासूबाईंनी मॉनिटरची पिन काढून तिथं कूलरची लावली होती. आणि इतका वेळ मी त्याच वाऱ्यात बसून त्याच मॉनिटरवर उपचार करत होतो.

कूलर घरघरत बंद पडला.

"अवं बाई," सासूबाई कळवळल्या, "जवाईबापूले गरम होईन नं."

सासरे जमिनीकडं बघत म्हणाले, "पिन मले दिसली होती तवाच. पन म्हनलं, तुमी काही मोठं काम करून राह्यले, मधात काऊन बोलाव?"

ज्ञानदेवकाका उठता उठता म्हणाले, "मले वाटलं, पुन्याकडं बिनपिनीचं चालत असन."

बायकोनं पन्ह्याचा ग्लास माझ्या हातात दिला. तिला माझं कँटीन आणि गाड्यांचं खातं ठाऊक आहे.

मी तसाच उन्हात सीमाला शोधायला धावलो. म्हटलं, पाय धरू, कंपनीला फोन करू, काहीतरी करू. तर ती गोठ्यामागच्या कडुलिंबाखालून सावकाश येत होती. मोबाइल हातात, चेहरा शांत. मुलाखत तिनं मोबाइलवरच देऊन टाकली होती. तक्ते वगैरे सगळं त्यात आधीच घेऊन ठेवलेलं होतं.

पुढं तिला नोकरी लागली. मलकापूरचं स्थळ बारगळलं. पेढे द्यायला ती पुण्याला आमच्याकडं आली आणि म्हणाली, "दाजी, ही नोकरी तुमच्यामुळंच लागली बरं का."

मी फुगलो. म्हणालो, "अगं, मी काय केलं? चार सेटिंगा बघितल्या, बस."

"तसं नाई. मुलाखतीत त्याइनं शेवटी मले इचारलं, आपल्यापेक्षा मोठा मानूस चुकून राह्यला, आन् त्याले सांगता येत नाई, तर काय कराल? बाकीचे पोट्टे म्हने समजावून सांगू, मीटिंग घेऊ. म्या सांगतलं, त्याले कूलरसमोर बसवून देईन, आन् आपलं काम बाहेर झाडाखाली उरकून घेईन."

"मग?"

"मंग काय? ते साहेब इतके हासले की त्याइनं पुढचं काही इचारलंच नाई."

पुढच्या उन्हाळ्यात अमडापूरला गेलो. समोरच्या खोलीत नवा कोरा कूलर, आधीच्यापेक्षा दुप्पट मोठा, सीमानं पगारातून घेतलेला. त्याच्यासाठी भिंतीवर वेगळा बोर्डही बसवून घेतला होता.

"दाजी," ती म्हणाली, "खास तुमच्यासाठी घेतला. बसा."

मी बसलो.