माझ्या अंगणातला माळ

आज दुपारी शाळेत शिकवून घरी आले आणि फाटकातच थबकले. पुसेगावच्या माळावरून बी आणून अंगणात लावलेलं तिखाडीचं सुवासिक गवत उपटून कडेला रचलेलं.

शेजारच्या शकुंतलाकाकू खुरपं धूत होत्या. "किती तण माजलं व्हतं माय! तू न्हवतीस, म्हून मीच निंदून टाकलं."

त्यांचा जन्म निंदणीत गेलेला. रागावू तरी कशी?

"काकू, ते मी हौसेनं लावलं होतं."

ढिगातली काडी चुरगाळून काकूंनी वास घेतला, डोळे मिटले. "आमच्या माळावर हे कमरेइतकं व्हायचं. आमी पोरी त्यात लपायचो."

दोघींनी मिळून मुळं परत मातीत दाबली. जगतील का, कोण जाणे.

जाताना काकू म्हणाल्या, "कमरेइतकं झालं की मला हाक मार."

तुम्ही कोणत्या गवतात लपायचात?