मुका वकील आणि असोला नारळ

वकील म्हटला की तो मोठ्याने बोलणार, अशी आम्हा कोळ्यांची समजूत. आमचे वकील बोलायला लागले की समोरच्याला कान पुढे करावा लागायचा. अलिबागच्या कोर्टात न्यायाधीश दर तारखेला सांगायचे, "जरा मोठ्याने." वकील मान हलवायचे आणि पुढचं वाक्य आधीच्यापेक्षा हळू बोलायचे. बाजारात त्यांचं नाव पडलं होतं मुका वकील. त्यांना ते ठाऊक होतं. म्हणायचे, "ओरडणाऱ्याकडे लोक बघतात. हळू बोलणाऱ्याचं ऐकावं लागतं."

मी दुसरीपर्यंत शिकलो. लिहायचं ते जाळ्याच्या गाठीसारखं, एकेक ओढून बसवावं लागतं. पण माझी बायको हिरा पौषात गेली, घर गप्प झालं, आणि तेव्हापासून तो हळू आवाज फार आठवतो. म्हणून लिहितो.

स्वातंत्र्य मिळून चार-सहा वर्षं झाली असतील. हिरा थळहून अलिबागच्या बाजाराला मासळीची पाटी डोक्यावरून न्यायची. दहा-बारा बायका, एकीमागे एक. त्या दिवशी चौलकडच्या वाड्यांतले नारळ मांडव्याच्या बंदरावर नेणारा ट्रक समोरून आला, वळणावर कडेला उतरला आणि हिराला उडवून गेला. जीव वाचला. उजवा खांदा मोडला. हाड जुळलं, पण हात कानाच्या वर जाईना. दुसरीने पाटी चढवून दिली तरी सांभाळायला हात लागतोच. हात नाही तर पाटी नाही, पाटी नाही तर बाजार नाही. आणि खरं ते लिहितो, आमची चूल तिच्या पाटीवर पेटायची. मी दुसऱ्याच्या होडीवर खलाशी. वारा पडला की मी घरी, आणि कमाई समुद्रात.

मग मी एक चूक केली. आठवड्याने ट्रकवाल्या शेटचा मुनीम दारात आला. हातात एक लुगडं आणि एक नारळ. आमच्यात रीत अशी, की ज्याची चूक तो चार माणसांसमोर नारळ देतो. घेणारा तो फोडतो, खोबरं सगळे खातात, देणारासुद्धा खातो, आणि वाद तिथे संपतो. मुनमाला ही रीत कुणीतरी शिकवून पाठवला होता. पण दुकानातून सोललेला नारळ घ्यायचीही त्याला सवड नव्हती. शेटच्या ढिगातलाच एक, सालीसकट, असोला, काढून आणला होता. दारात आलेला नारळ परत धाडायचा नसतो, म्हणून मी हात पुढे केला. मुनीम टोपी सावरत चालायला लागला. मी कोयता घ्यायला वळलो, तशी आतून हिरा ओरडली.

"ठेवा तो कोयता! घेतलाव तो घेतलाव. पण माझा हात वर जाईस्तो ह्यो नारल फोडायचा न्हाय."

लुगडं तिने मुनमाच्या मागे पोर धाडून परत केलं. नारळ डाव्या हाताने उचलून मागच्या दारी पाण्याच्या रांजणापाशी ओल्या वाळूत ठेवला. मी म्हटलं, "बाय, वाद वाढंल." ती म्हणाली, "वाढू दे. मी बसून खाणारी बाई न्हाय."

बाजारातल्या बायकांनीच मुक्या वकिलांचं घर दाखवलं. त्यांच्या खोलीत एकच खुर्ची होती आणि तिच्यावर ते कधी बसत नसत. पक्षकाराला खुर्ची, स्वतः बाकावर. मी खाली बसायला लागलो तसे म्हणाले, "नाखवा, वर बसा." मी सांगितलं, होडी माझी नाही, मी नाखवा नाही. ते म्हणाले, "अर्ज मी लिहीन. नाव काय घालायचं ते मला कळतं." शेवटपर्यंत मला नाखवाच म्हणाले.

डोळे मिटून ऐकायची त्यांना खोड होती. मी सगळं सांगितलं. डोळे मिटलेलेच. मला वाटलं, झोपले. तेवढ्यात म्हणाले, "आता परत सांगा. शिव्या वगळून." परत सांगितलं. "आता आणखी एकदा. तुम्हाला काय वाटलं ते वगळून." तिसऱ्या वेळेला सांगण्यासारखं फार थोडं उरलं, आणि त्या थोड्यात नारळ होता. त्यांनी डोळे उघडले.

"नारळ घेतलात?"

"घेतला." माझी मान खाली.

"फोडलात?"

"बायकोनं फोडू दिला न्हाय."

तेव्हा पहिल्यांदा त्यांना हसताना पाहिलं. "नाखवा, तुमच्या घरात वकील आधीच आहे. मला कशाला शोधत आलात?"

दुसरी खोड चालण्याची. जिथे घडलं तिथे पायांनी जायचं, मग बोलायचं. एका सकाळी ते थळला आले आणि बायकांच्या रांगेमागून छत्री घेऊन अलिबागपर्यंत चालले. बायकांनी काय कमी थट्टा केली? "वकीलदादा, पाटी देऊ का डोक्यावर?" "छत्रीत बोंबील बांधू का?" ते आपले खाली बघत चालले. बाजारात पोचल्यावर म्हणाले, "तुम्ही सगळ्या मातीच्या कडेनंच चाललात. मधे एकदाही नाही." म्हातारी पारूकाकी फिसकन हसली. "मधे खडी हाय, दादा. अनवानी चालून बघ की!" वकिलांनी खरंच वहाणा काढल्या, दहा पावलं खडीवर चालले, आणि लंगडत कडेला आले. कोर्टात शेटचा वकील बोलला की बाई रस्त्याच्या मधून चालली होती, तेव्हा आमच्या वकिलांनी एवढंच विचारलं, "बाईंच्या पायात काय होतं?" उत्तर आलं, काहीच नाही. "आणि रस्त्यात काय होतं?" खडी. झालं.

पण शेटचा भरवसा नारळावर होता. त्याच्या वकिलाचा आवाज बाहेर झाडाखाली ऐकू यायचा. तो गरजला, "यांनी चार माणसांदेखत नारळ घेतला. यांच्याच रितीने वाद मिटला!" मुनीम साक्षीला उभा राहिला. आमचे वकील उठले.

"मुनीमजी, नारळ फोडला तेव्हा तुम्ही होतात?"

"होतो."

"खोबरं खाल्लंत?"

"खाल्लं की. गोड होतं."

"बसा," वकील म्हणाले. आवाज एवढा हळू, की मुनीम उभाच राहिला.

मग हिराला आत बोलावलं. ती आली ती डाव्या काखेत नारळाचं रोप घेऊन. वर्षभरात त्या ओल्या वाळूत असोल्याला कोंब फुटला होता, चार पानं आली होती. येताना एसटीचा कंडक्टर म्हणाला होता, "बाई, झाडाचं तिकीट?" तर ही म्हणाली, "ह्यो साक्षीला चाललाय. त्याचं भाडं कोर्टाकडं माग." कोर्टात तिने ओल्या हाताने सालीवरची वाळू पुसली. खाली डांबराची फुली होती. शेटच्या वखारीतल्या प्रत्येक नारळावर असायची, तीच.

वकिलांनी मुनमाकडे बघितलं. "तुम्ही खाल्लात तो हाच का?"

मुनीम तोंडातल्या तोंडात पुटपुटला. त्या दिवशी "जरा मोठ्याने" ऐकायची पाळी त्याच्यावर आली.

शेटच्या वकिलाने शेवटचा खडा टाकून बघितला. "बाईचं असं काय नुकसान झालं? पोसायला नवरा आहे ना?" हिराने माझ्याकडे बोट दाखवलं. "त्याला पोसायचं बंद झालं, ह्येच नुकसान." सगळं कोर्ट हसलं. मीही हसलो, काय करणार.

कारकून रोपाला चिठ्ठी लावून कपाटात ठेवायला निघाला, तसे आमचे वकील पुढे झाले. "साहेब, नोंद करून घ्यावी, पण हा पुरावा घरी जाऊ द्यावा. याला पाणी लागतं." न्यायाधीशांनी रोपाकडे पाहिलं आणि परवानगी दिली.

निकाल आमच्या बाजूने लागला. भरपाई मिळाली, किती ते सांगत नाही. तिच्यातून हिराने बाजारात बसायला पक्की जागा केली. पाट्या बैलगाडीने जायच्या, आणि ही राणीसारखी बसून विकायची. हात कानाच्या वर कधीच गेला नाही. पण तोंड होतं, आणि आता त्याला जागाही होती. सुरमई कापता कापता दुसऱ्या बायकांना सांगायची, "कुनी धडकला तर नारल घे, पण फोडू नको. आधी मुक्याकडं जा." तिच्यामुळे किती जणी त्या खुर्चीवर बसल्या असतील, मोजदाद नाही.

रोप मागच्या दारी लावलं. त्याला पहिले नारळ धरले त्याच वर्षी वकील मुलाकडे पुण्याला राहायला निघाले. हिरा पहिला नारळ घेऊन गेली. त्यांची खोली रिकामी झाली होती, खुर्ची तेवढी उरली होती. वकिलांनी विचारलं, "हिराबाई, हा फोडायचा का?"

"फोडा, दादा. आता माझं काय म्हननं न्हाय."

उंबऱ्यावर फोडला. आम्ही तिघांनी खाल्ला. मग वकिलांनी एक तुकडा रुमालात बांधला आणि छत्री उचलली. "रीत अर्धी राहिली," म्हणाले. चालत शेटच्या वखारीत गेले, आम्ही मागे. शेट म्हातारा झाला होता. वकील दिसताच त्याचा चेहरा उतरला. वकिलांनी रुमाल उघडून पुढे धरला. शेटने हिराकडे बघितलं. हिराने मान हलवली, तेव्हा त्याने तुकडा तोंडात टाकला. चावून म्हणाला, "गोड आहे."

"तुमचाच नारळ आहे, शेटजी," वकील म्हणाले. शेटला ऐकायला पुढे वाकावं लागलं.

परतताना हिरा म्हणाली, "निकाल आज लागला."

वकील पुण्यालाच वारले, पत्राने कळलं. आमच्या माडाचा नारळ पत्र्यावर धाडकन पडला की हिरा चुलीपासून म्हणायची, "मुका वकील बोलला!" मी दर वेळेला हसायचो. काल दुपारी एक पडला. मी जागेवरून उठलो नाही. मीच मोठ्याने म्हटलं, "हिरे, वकील बोलले बघ." मग जाऊन तो उचलला. साल तशीच ठेवून रांजणापाशी, तिच्या जागेवर, वाळूत ठेवून दिला आहे. पाणी मी घालतो.